तीन आठवड्यांपुढचा व्रण

आज बाह्यरुग्ण विभागात आलेल्या चाळिशीतल्या रिक्षाचालकाच्या तोंडात, निरोगी तोंडात मावणाऱ्या तीन बोटांऐवजी, जेमतेम दीड बोट गेले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. त्याच्या खिशात मात्र पुडी होतीच. गालाचे आतले अस्तर पांढुरके, ताठ झालेले, आणि दाढेजवळ कडक कडांचा व्रण. “दात लागला असेल म्हणून दोन महिने मलम लावलं, मॅडम.” तीन आठवड्यांत न भरणारा व्रण कर्करोगाचा असू शकतो, म्हणून त्याची बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करावीच लागते, हे समजावून मी जागा बधिर केली आणि मधल्या मृत भागातून नव्हे, तर कडेवरून छोटा तुकडा काढून तो टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. जबड्याखाली हाताला लागलेल्या गाठीची सुईने तपासणी उद्या होईल. “तुकडा काढल्याने पसरेल का?” या त्याच्या पत्नीच्या प्रश्नाला मी नेहमीप्रमाणे ‘नाही’ म्हणाले, तरी ती त्या बाटलीकडेच पाहत राहिली.