आईच्या केसांत झाड येईना

बाईंनी दोन फोटो पाठवले होते. एक आईचा, एका बाजूने काढलेला, मागे पांढरी भिंत. दुसरा आईनेच लावलेल्या झाडाचा, खालून आभाळाकडे बघत टिपलेला. ‘दोन्ही एकात एक करून द्या,’ एवढंच म्हणणं. डबल एक्स्पोजर, म्हणजे दोन फोटो एकमेकांत मिसळणं, हे तासाभराचं काम, असा माझा हिशेब.

फोटोशॉपमध्ये आईचा फोटो खाली, झाड वरच्या लेयरवर (थरावर), ब्लेंड मोड, म्हणजे थर मिसळायची पद्धत, स्क्रीन. एकाच पडद्यावर दोन प्रोजेक्टर लावावेत तसं हे चालतं: उजेडात उजेड मिसळतो आणि काळं असेल तिथे दुसरं चित्र दिसतं. फांद्यांच्या गडद भागात गाल, नाक, हनुवटी उमटली. भिंतीवर आलेल्या फांद्या आपोआप पुसल्या गेल्या. छान!

पण त्याच न्यायाने केसांतल्याही गेल्या. आईचे केस पांढरेशुभ्र. पांढऱ्याचा आकडा 255, म्हणजे सर्वांत उजळ, स्क्रीनमध्ये त्यावर काहीही ठेवा, उत्तर 255च. कपाळाच्या वर नुसती भिंत. लेव्हल्सने केस गडद करून पाहिले, तर आईंनी कलप लावल्यासारखं दिसू लागलं. लगेच अनडू.

चहा घेताना सुचलं. झाडाचा लेयर जागचा न हलवता त्याची डुप्लिकेट केली, तिला मल्टिप्लाय दिला. हा मोड म्हणजे दोन स्लाइड एकावर एक ठेवून उजेडाला धरणं. इथे पांढरं पारदर्शक होतं. मास्क, म्हणजे लेयरचा नको तो भाग लपवणारा पडदा, लावून ती फक्त केसांपुरती ठेवली. केसांत काळ्या फांद्या भरल्या, आणि तीच फांदी कपाळावर उतरताना कातडीच्या रंगाची झाली! तो सांधा मऊ ब्रशने जुळवायला मात्र दोन तास गेले. फिल्मवर दोन्ही एक्स्पोजर एकेक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडात, देऊन बेरीज सांभाळता येते, पण पांढऱ्यावर काळं काढणं जमत नाही. पडलेला उजेड परत घेता येत नाही ना.

फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग, ‘सुंदर झालंय. पण आईचा तीळ कुठे गेला?’

हनुवटीवर पानांमधली फट आली होती, आणि त्या आभाळात तीळ धुऊन निघाला होता. स्क्रीनच्या लेयरला मास्क जोडला आणि तेवढ्याच जागी काळ्या ब्रशने पानाच्या आकाराचा एक ठिपका दिला; मास्कवर काळं केलं की तिथला लेयर लपतो. आता त्या झाडाला एक पान जास्त आहे, तीळ असलेलं.