नौपाडा ते नेरूळ: एका रात्रीत तीन निवडुंग

ठाण्यात ज्याला सगळे ब्रह्मकमळ म्हणतात, ते निवडुंग आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवतं, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे आणि गॅलरीतल्या कुंडीत टिकणारं नाही. आपल्याकडचं एपिफिलम ऑक्सिपेटालम मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. हे सांगितलं म्हणून कुणी हळदीकुंकू वाहायचं थांबत नाही, आणि थांबूही नये.

पावसाळ्यातली, पण कोरडी संध्याकाळ निवडली होती. साडेसहाला नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीची गॅलरी. आज कोणती कळी फुलणार हे आधी ठरवायचं. ज्याला पान म्हणतात ती खरं तर चपटी फांदी. तिच्या कडेच्या खाचेतून कळी निघते आणि आधी खाली लोंबते. दोन-तीन आठवड्यांनी कळीमागच्या लांब नळीची मान वाकून टोक वर उचललं जातं, इंग्रजी जे अक्षरासारखं. त्यानंतर एखाद-दोन दिवसांत फूल. त्याच संध्याकाळचं असेल तर कळी फुगलेली असते, बाहेरच्या गुलाबी-तपकिरी पाकळ्या सैलावतात आणि टोकाला बारीक फट दिसते. मान खाली असेल तर सरळ घरी जावं, जागरण फुकट. कळ्या आल्यावर कुंडी हलवली, ऊन बदललं किंवा मुळांशी पाणी साचलं, तर कळी पिवळी पडून गळते. ‘यंदा फुललंच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

फट दिसली होती, म्हणजे हाताशी दोन-तीन तास होते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल पकडली. ऐरोली, घणसोली, तुर्भे करत अर्ध्या-पाऊण तासात नेरूळ. वाशीची गाडी तुर्भेनंतर सानपाड्याकडे वळते, त्यामुळे इंडिकेटर नीट बघून चढायचं.

नेरूळला रो-हाऊसच्या कुंपणाशी दुसरं निवडुंग, सेरियस: उभा, निळसर हिरवा, ठळक धारांचा खांब, धारांवर काट्यांचे गुच्छ. फूल खांबाच्या बाजूने आडवं बाहेर येतं आणि त्याची नळी जवळजवळ गुळगुळीत असते. शेजारच्या गच्चीत सिमेंटच्या खांबावर चढवलेलं ड्रॅगन फ्रूट. त्याची फांदी तीन धारांची, आणि फुलाच्या बुडाशी हिरव्या खवल्यांची गर्दी. तिघांचीही फुलं पांढरी, त्यामुळे नुसत्या फुलाचा फोटो पाहून ओळखताना हमखास चूक होते. फोटोत फांदी आणि नळी यायलाच हवी. आणि तोडल्यावर पांढरा चीक आला तर तो बहुधा या कुळातला निवडुंग नव्हे. शेताच्या बांधावर दिसणारा त्रिधारी निवडुंग शेर या चिकाच्या झुडपाच्या कुळातला. मराठीने दोघांना एकच नाव देऊन घोळ घातला आहे.

टॉर्चला लाल जिलेटिन कागद दुहेरी लावला होता. या फुलांच्या मायदेशी परागीभवन मुख्यतः लांब सोंडेच्या हॉकमॉथ पतंगांकडून होतं, काही जातींत वटवाघळांकडूनही. इथेही हॉकमॉथ आहेत आणि पांढऱ्या झोताने ते बिथरतात. ड्रॅगन फ्रूटच्या काही जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत. तिथे मऊ ब्रशने दुसऱ्या जातीच्या रोपाचा पराग मधोमधच्या, टोकाशी फाटे फुटलेल्या कुक्षीवर लावायचा. पावसाने पराग भिजला असेल तर ती रात्र गेली.

साडेदहाच्या सुमारास परत नौपाडा. फूल उमलताना पाकळी थरथरते ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, पण त्यासाठी नवाच्या आसपास तिथे हवं. आमचं ते हुकलं. नेरूळ दुसऱ्या रात्री ठेवणं शहाणपणाचं. अकरापर्यंत फूल पूर्ण उघडलं, वीतभर रुंद. आत पुंकेसरांची दाट झालर, आणि मधोमध कुक्षीची पांढरी चांदणी त्यांच्या पुढे आलेली. वास चढत्या रात्री दाट होत जातो, बंद खोलीत डोकं धरतं. फोटो बाजूने घ्यावा, म्हणजे वळलेली नळी येते. फ्लॅश मारला की पाकळ्या सपाट कागदासारख्या दिसतात.

पहाटे फूल ओल्या रुमालासारखं लोंबतं आणि नळीसकट गळतं. एकाच रोपाच्या फांद्या शेजारीपाजारी वाटल्या जातात, त्यामुळे परका पराग मिळत नाही, म्हणून फळ सहसा धरत नाही. नवं रोप हवं तर वीतभर फांदी तोडून पाच-सात दिवस सावलीत सुकवावी आणि दोन इंच खोचावी. कोणतं टोक खालचं, हे तोडतानाच खुणेने बांधून ठेवावं, नंतर दोन्ही सारखीच दिसतात. नेरूळच्या ड्रॅगन फ्रूटकडे मात्र आठवड्याने परत जायचं: बूड हिरवं राहून फुगू लागलं तर फळ धरलं, पिवळं पडलं तर नाही.