तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेमकथेत गोठा कुठून येतो?

“ताई, तुमच्या प्रत्येक कादंबरीत एखादं जनावर कसं काय असतं?” वाचकांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, की प्रेमकथा लिहायला कशा लागलात? दोन्हींचं उत्तर एकाच गोठ्यात आहे, म्हणून एकत्रच सांगते.

माझे वडील, आमचे अण्णा, पशुधन पर्यवेक्षक होते. सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका, पाऊस कमी, मेंढरं उदंड आणि खिल्लार बैलांवर लोकांचा जीव. पौषात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरायचा, तेव्हा नजर पुरेल तिथवर पांढरी, लांब शिंगांची खिल्लारं दिसायची. गावोगावचे लोक अण्णांना ‘डॉक्टर’च म्हणायचे. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याच्या लसी, मध्येच लाळ्या-खुरकुताची साथ, आणि रात्री-अपरात्री अडलेल्या गाई. सुट्टीत मी त्यांच्या एम-80 वर मागे बसून जायचे. बॅटरी धरायचं काम माझ्याकडे.

अशाच एका रात्री एका वस्तीवर गेलो. गाय अडली होती. वासराचा एक पाय बाहेर आणि दुसरा आत दुमडलेला. अण्णांनी खांद्यापर्यंत साबण लावला, हात आत घातला आणि डोळे मिटून तो पाय चाचपत बसले. घरातली म्हातारी गाईच्या तोंडाशी बसून तिचं कपाळ खाजवत होती. म्हातारा मागे उभा. त्या दोघांना मी कधी एकमेकांशी धड बोलताना पाहिलं नव्हतं. बोललेच तर करवादून. वासरू बाहेर आलं ते निपचित. अण्णांनी त्याच्या नाकात वाळल्या गवताची काडी फिरवली. म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका सोडला आणि त्या पटक्यानंच तो वासराचं तोंड, नाक, छाती खसाखसा पुसायला लागला.

“अवो, नवा हाय त्यो,” म्हातारी म्हणाली.

“असूंदे.”

वासरू शिंकलं. म्हातारीनं काही न बोलता डोक्यावरचा पदर काढून म्हाताऱ्याच्या उघड्या डोक्यावरचा घाम टिपला. बाहेरच्या माणसांसमोर, डॉक्टरांसमोर. त्यानंही डोकं खाली केलं. मग ती चहा टाकायला गेली.

मी तेव्हा शाळेत होते. प्रेम या गोष्टीबद्दल तोवर जे काही ऐकलं-वाचलं होतं, त्यात असलं काही नव्हतं. मी आजवर जे लिहिलं ते सगळं त्या पदरापाशी सुरू होतं.

वाचायचं वेड मात्र गावच्या वाचनालयानं लावलं. दोन कपाटं, एक लाकडी बाक आणि खाकी पुठ्ठ्यात बांधलेल्या कादंबऱ्या. बायका त्या पिशवीत भाजीखाली घालून न्यायच्या. प्रेमकथा वाचणं ही लपवायची गोष्ट आहे असं त्यांना कुणी शिकवलं असेल, याचा मला आजही राग येतो. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांच्या, 1962 च्या एका दिवाळी अंकात आलेल्या लिखाणावर अश्लीलतेचा खटला झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ते लिखाण अश्लील नाही, असा निकाल 1969 मध्ये लागला. न्यायालयाला पटलं, घराघरांतल्या भाजीच्या पिशव्यांना पटायला अजून वेळ लागतोय.

पुढे नोकरी, लग्न, मिरजेत संसार. अधूनमधून दिवाळी अंकात एखादी कथा छापून यायची. मग प्रतिलिपी हे गोष्टी लिहायचं-वाचायचं ॲप आलं आणि मोबाइलवर भागाभागानं लिहायला लागले. रात्री भाग टाकायचा आणि सकाळी बघायचं तर खाली प्रतिक्रियांची ओळ लागलेली: “पुढचा भाग लवकर टाका.” दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचणाऱ्या नर्स, एसटीतून घरी जाताना वाचणाऱ्या शिक्षिका, दुबईत एकट्या राहणाऱ्या मुली. या बायकांनी मला लेखिका केलं.

आता जनावरांचं. अण्णा सांगायचे, “जनावर दुखणं सांगत नाही. नाकपुडी ओली आहे का बघ, कान पाडलेत का बघ, रवंथ करतंय का बघ.” मी माणसं अशीच लिहिते. माझी नायिका “मला तू आवडतोस” हे पंचवीस भाग म्हणत नाही, पण तो आला की तिचं ताट वाढणं संथ होतं. वाचकांना कळतं. आणि नायक कसा आहे हे सांगायची वेळ आली की मी त्याला एखाद्या जनावराजवळ नेऊन सोडते. ज्याच्याकडून आपल्याला काही मिळायचं नाही, ज्याला आपले कपडे, पगार, घराणं काही कळत नाही, त्याच्याशी माणूस जसा वागतो तसा तो असतो. लग्नाला स्थळं बघणाऱ्या मुलींना मी हे कादंबरीबाहेरही सांगते.

सावत्र आईची गोष्ट लिहिली तिचंही मूळ तिकडचंच. एका मेंढकाकडे एका मेंढीचं कोकरू मेलं होतं आणि दुसरीकडे एक कोकरू आईविना ओरडत होतं. त्यानं मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याच्या अंगावर बांधलं. मेंढी पिल्लाला वासानं ओळखते. तिनं हुंगलं, लाथ मारली, पुन्हा हुंगलं आणि शेवटी पिऊ दिलं. काही दिवसांनी कातडं सोडलं तरी ती त्याला हाकलेना. माझ्या कादंबरीत दुसरेपणावर आलेली बाई त्या घरातल्या मेलेल्या आईची जुनी साडी गोधडीला लावते आणि लेकराला त्यात झोपवते. त्या भागावर आलेली पत्रं मी जपून ठेवली आहेत.

आमच्या घरी सध्या एक तीनरंगी मांजर आहे (तीनरंगी असली की ती बहुतेक मादीच असते) आणि दाराशी गल्लीतली कुत्री. कुत्र्यांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. त्यांची रेबीजची लस मी स्वतः लक्ष ठेवून देऊन घेते. मांजर लिहिताना समोर बसतं आणि डोळे हळूच बारीक करून मिटतं. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की माणसानं तसेच डोळे मिटले तर मांजरं उलट तसंच करतात आणि जवळही येतात. घरी करून बघा. आणि कृपा करून मांजराच्या पिल्लाला गाईचं दूध पाजू नका, त्याला हगवण लागते.

शेवटचं, सध्या चालू असलेल्या कादंबरीतल्या कुत्र्याबद्दल, कारण गेल्या आठवड्यात बऱ्याच जणींनी रडवेल्या होऊन विचारलंय: “वाघ्या मरणार नाही ना?” नाही. रुसलेल्या दोघांना एकत्र आणायला कुत्र्याचा जीव घेणं मला पटत नाही. त्यांनी आपापल्या पायांनी यावं. वाघ्याच्या पायाचे टाके शुक्रवारच्या भागात निघतील. त्याला धरून बसायला दोघं लागणार आहेत.