बदलून आलेली दुर्बीण

थंडी पडायला लागली की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच, बडोद्याजवळच्या वढवाणा तलावावर पक्षी बघायला जायचंय, दुर्बीण कुठली घेऊ. मग ८ बाय ४२ की १० बाय ४२ (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये), कुठल्या साइटवर सेल आहे, वॉटरप्रूफ हवीच का, सगळं विचारून होतं. बिघडली तर पाठवायची कुठे हे मात्र कोणी विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं म्हणा, दुकानात उभं असताना सुचतं का कोणाला!

तर झालं असं की उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, भाचा माझी ८ बाय ४२ दुर्बीण अगाशीवर (गच्चीवर) घेऊन गेला, लांबचे पतंग कोणाचे ते बघायला. कठड्यावर ठेवली, तेवढ्यात शेजारच्या अगाशीवरून पतंग कापल्याचं 'लपेट लपेट' सुरू झालं आणि कोणाचा तरी धक्का लागून ती खाली फरशीवर. बाहेरून बघाल तर काही नाही, रबराचं आवरण असतं त्यामुळे ओरखडासुद्धा नाही, काचा शाबूत. भाचा म्हणाला, मावशी, वाचली बघ. पण डोळ्याला लावली आणि दोन मिनिटांत कपाळ दुखायला लागलं.

ह्याला कोलिमेशन जाणं म्हणतात, म्हणजे दोन्ही नळ्या एकाच दिशेला बघत नाहीत. घरी तपासता येतं, लांबची एखादी विजेची आडवी तार धरा, फोकस करा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर पुढे न्या, दोन वेगवेगळे गोल दिसायला लागतील, दोन्ही गोलांतली तार एकाच उंचीवर दिसली पाहिजे. माझ्या उजव्या गोलातली तार चांगलीच वर होती. डावी-उजवीकडे थोडा फरक असला तर डोळे सांभाळून घेतात कारण ते आत वळू शकतात, पण एक डोळा वर आणि एक खाली असं काही आपल्याला जमत नाही, म्हणून डोकं उठतं.

कंपनीला मेल केला. पडली आहे हे सरळ लिहिलं, फुकट नको, पैसे घ्या पण दुरुस्त करा. उत्तरात बिल मागितलं, सिरियल नंबर मागितला, सगळ्या बाजूंनी फोटो मागितले, आणि कुरियर आपल्या खर्चाने. पाठवताना एक गोष्ट मात्र मी बरी केली, पट्टा, पुढच्या काचांची झाकणं आणि पाऊच घरी काढून ठेवले. बदलून देतात तेव्हा जुनी परत येत नाही आणि तिच्याबरोबर गेलेलं सामानही येत नाही, हे एका पक्षीवाल्या काकांनी सांगितलं होतं, त्यांचा चांगला रुंद पट्टा असाच गेला.

मग बराच काळ शांतता. फोन केला की 'टेक्निशियनकडे आहे'. शेवटी कळलं की हे मॉडेल बंद झालंय, पार्ट नाहीत, आणि रूफ प्रिझमची, म्हणजे सरळ नळ्यांची, दुर्बीण इथे उघडतच नाहीत कारण आत नायट्रोजन भरलेला असतो, उघडली की तो जातो, सील परत बसवून गॅस परत भरावा लागतो. हे खरं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सर्व्हिस चार्ज भरा, बदली देतो म्हणाले. काय देणार, तर १० बाय ४२. 'मॅडम, पॉवर जास्त आहे, अपग्रेडच आहे.'

आता ह्यांना कोण सांगणार. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा उजेडाचा गोल डोळ्यात येतो, १०ने भागलं तर ४.२. पहाटे वढवाणाच्या पाळीवर धुकं असतं, पट्टकादंब हंस लांब पाण्यात बसलेले असतात, तेव्हा हा फरक कळतो. आणि १० पटीत हाताचा थरथराटही १० पट. माझं वय काही कमी होत नाहीये. मी हटून बसले की ८च पाहिजे, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरचा उल्लेख केला (फक्त उल्लेख हं, फोन नाही केला), आणि मग अचानक ८ बाय ४२ स्टॉकमध्ये निघाली!

आली, छान पॅक होऊन आली, तार एका रेषेत, काच स्वच्छ. पण चष्मा लावून बघितलं तर कडेने काळं. जुनीला आय रिलीफ जास्त होता, म्हणजे डोळा काचेपासून जरा लांब असला तरी चालायचं, आयकप (डोळ्याशी टेकणारी कड) पूर्ण खाली केला की चष्म्यातून अख्खं चित्र दिसायचं, हिच्यात कडेचं कापलं जातं. बॉक्सवर दोन्ही ८ बाय ४२च, म्हणून कंपनीच्या हिशोबाने सारखीच वस्तू.

ह्याच्या उलट अमेरिकेतला मावसभाऊ, त्याच्याकडे व्हॉर्टेक्स कंपनीची आहे, त्यांच्या वॉरंटीत बिल नको, रजिस्ट्रेशन नको, सेकंडहँड घेतलेली असली तरी चालते, तुमच्या हातून पडली तरी चालते, फक्त हरवली, चोरीला गेली, मुद्दाम तोडली किंवा नुसता वरवरचा ओरखडा असला तर नाही. ऐकून जीव जळतो. पण तिथून कोणाबरोबर मागवायच्या आधी इथल्या डिस्ट्रिब्युटरला लिहून विचारा की बाहेर घेतलेला पीस बघणार का, नाहीतर ती लाइफटाइम वॉरंटी बडोद्यात बसून काय कामाची.

बाबांची जुनी पोरो प्रिझमवाली (मध्ये वळण असलेल्या रुंद नळ्यांची), ती मधल्या काळात मी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली होती, पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये राहून आत बुरशी धरली होती. त्यांनी कडेचं लेदर नखाने उचललं, खालचे बारीक स्क्रू दाखवले, 'थई जशे बेन' (होऊन जाईल ताई) म्हणाले, प्रिझम पुसले, मग गच्चीवर जाऊन समोरच्या टाकीवर नजर धरून स्क्रू थोडा थोडा फिरवत दोन्ही गोल जुळवले. एका काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखा डाग राहिलाय कारण बुरशीने कोटिंगच खाल्लंय, तो नाही जाणार. पण चष्म्यावरून ती बरी चालते, आणि आता डब्यात सिलिका जेल घालून ठेवते, निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

नवीनचं एक राहिलंच. बॉक्समध्ये बिल नव्हतं, नुसतं डिलिव्हरी चलन, त्यावर 'रिप्लेसमेंट, विक्रीसाठी नाही'. सर्व्हिस चार्जची पावती आहे तर तिच्यावर सिरियल नंबर जुन्या दुर्बिणीचा. म्हणजे उद्या हिला काही झालं तर पहिल्याच मेलमध्ये बिल मागणार आणि मी काय दाखवणार? वॉरंटी नव्याने सुरू की जुनीच पुढे चालू, हे नवीन सिरियल नंबर घालून लेखी मागितलंय. दोन स्मरणपत्रं गेली, अजून तरी 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढंच.