बिनकागदाचा बैल

लंडनमधल्या एका लिलावघरात मी प्राचीन नाणी तपासते. बाहेरच्यांना वाटतं दिवसभर भिंग. खरं तर दिवसभर कागद: नाणं कुणाकडून आलं, कधी, कसं.

मागे एक आजोबा वडिलांचा संग्रह म्हणून सिगारच्या डब्यात नाणी घेऊन आले. बहुतेक झिजलेली रोमन तांब्याची. तळाशी सायबॅरिस या प्राचीन ग्रीक शहराचा स्टेटर, म्हणजे चांदीचं नाणं, त्यावर मागे वळून पाहणारा बैल.

हे नाणं तपासायला मजा येते. एका अंगाला बैल उठावाचा, दुसऱ्या अंगाला तोच आत दबलेला. नाणं पाडायचे दोन ठसे, एक खोलगट, एक फुगीर. पातळ चकतीवर ते नेमके समोरासमोर यायला हवेत. ओतीव नकलेत दबलेल्या बाजूच्या रेषा बोथट होतात, बुडबुड्यांची बारीक भोकं दिसतात, कडेला जोड घासल्याची खूण सापडते. इथे काही नाही. वजन आठ ग्रॅमच्या जरा आत, शेपटीखाली ठशाला गेलेला तडा. शंभर टक्के अस्सल.

साहेबांनी लगेच सूचीचा मजकूर लिहिला: ऐषारामी शहर, बासरीवर नाचणारे घोडे, त्यापायी युद्धात हार. खपतं तेच. हे किस्से शहर बुडाल्यावर इतरांनी रंगवलेले. दक्षिण इटलीत इ.स.पू. 720 च्या सुमारास ग्रीकांनी वसवलेलं हे शहर क्राती नदीच्या गाळावर आणि आजूबाजूच्या जमातींवरच्या वर्चस्वावर श्रीमंत झालं. पुढे शहराचा सत्ताधीश तेलिस याने पाचशे धनिकांना हाकललं, ते क्रोटोन या शेजारच्या ग्रीक शहरात पळाले, क्रोटोनने त्यांना परत द्यायला नकार दिला. इ.स.पू. 510 मध्ये क्रोटोनने शहर पाडलं आणि वरून नदी वळवली, असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. त्या काळचे थर आज कित्येक मीटर गाळाखाली, भूजलाच्याही खाली आहेत. तिथे खणायचं तर पंप लावून पाणी उपसत राहावं लागतं.

मग हा बैल निघाला कुठून? कुणाच्या शेतातून, कुठल्या साली? इटलीत 1909 च्या कायद्यापासून जमिनीतून निघालेलं पुरातन सरकारजमा. आजोबांकडे पावती नाही, पत्र नाही, वडिलांच्या हातची ओळसुद्धा नाही. साहेब म्हणाले, "'जुना युरोपीय संग्रह' लिही." आमच्या धंद्यातला हा सगळ्यात लबाड शब्दप्रयोग. मी सही केली नाही.

आजोबा नाणं घेऊन गेले, जाताना जरा रागावलेच. खोटं बोलत होते असं मला अजूनही वाटत नाही. तेव्हापासून इतर लिलावघरांच्या सूच्या आल्या की आधी दक्षिण इटलीची पानं उघडते. शेपटीखालचा तो तडा मी कुठेही ओळखेन.