त्या सात जणींत काय बोललीस?

"आईला सांगितलंस, बहिणीला सांगितलंस, मग अनोळखी बायकांपुढे बसून असं काय वेगळं झालं?" हा प्रश्न मला लग्नात विचारलाय, भाजी घेताना विचारलाय, एकदा तर रामकुंडावर दहाव्याला गेले असताना विचारलाय. दर वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नवऱ्याने दगा दिल्यावर मी तशाच बायकांच्या गटात जाऊन बसायचे, त्याबद्दल आज नीट सांगते.

२०२२ चा ऑगस्ट. नवरा नाशिकहून पुण्याला पेमेंट आणायला म्हणून निघाला होता. गाडीचा फास्टॅग माझ्या नंबरवर. सव्वादोनला मेसेज आला : घोटी टोलनाका. पुण्याला जाताना घोटी लागत नाही, घोटी मुंबईच्या रस्त्याला. मी कणीक मळत होते. पिठाच्याच बोटाने स्क्रीन पुसून पुसून ते नाव पुन्हा वाचत राहिले. पुढचं सगळं नेहमीचंच. दोन वर्षं चाललेलं प्रकरण होतं आणि ते त्याने कबूलही केलं.

आई म्हणाली, "पोरीचं बारावीचं वर्ष आहे, दमानं घे." बहीण म्हणाली, "आजच्या आज बॅग भर." सासूबाई माझा हात धरून रडल्या आणि म्हणाल्या, "घर मोडू नकोस गं." माया तिघींचीही खरी होती. पण माझ्या उत्तरावर त्यांचंही काही ना काही अवलंबून होतं. मी माहेरी आले असते तर आईचं म्हातारपण बदललं असतं, राहिले असते तर बहीण माझ्या घरी पाय ठेवणार नव्हती. त्यामुळे बोलता बोलता मी त्यांचे चेहरे बघायची आणि गोष्ट आखडती घ्यायची.

इंदिरानगरात एका समुपदेशक ताईंच्या वरच्या खोलीत शनिवारआड आम्ही सात जणी बसायचो. नावं सांगणार नाही, तो आमचा पहिलाच करार. दुसरा करार, सल्ला द्यायचा नाही. कुणी "तू ना असं कर" म्हणायला लागली की ताई नुसता हात वर करायच्या. बोलणारीला दहा मिनिटं. ताई मनगटावरचं घड्याळ काढून सतरंजीवर ठेवायच्या आणि तेवढा वेळ कुणी मध्ये बोलायचं नाही. माझं बोलणं सलग दहा मिनिटं कुणी ऐकलंय, असं त्याआधी कधी झाल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या शनिवारी मी घोटीचं सांगितलं. माझी पाळी संपल्यावर सिडकोतल्या एकीने पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी केलेला कागद काढला. नवऱ्याच्या खिशात सापडलेली मेडिकलची पावती. चार वर्षांची जुनी. शाई उडून गेलेली, नुसता पिवळट कोरा कागद. "काहीच दिसत नाही यावर, पण टाकवत नाही," ती म्हणाली. माझ्या मोबाईलमध्ये तो मेसेज तसाच होता. रोज रात्री उघडून बघायचे. मला वाटायचं, मला वेड लागत चाललंय.

घोटीची गोष्ट मी तिथे पाच वेळा सांगितली. घरी दुसऱ्याच वेळेला "झालं ना आता" ऐकावं लागायचं. पाचव्यांदा सांगताना माझ्या तोंडून पहिल्यांदाच आलं, की त्या संध्याकाळी मी पोळ्या केल्या, मुलीला क्लासला सोडलं, येताना दळण आणलं. तोवर त्या गोष्टीत तो होता, ती होती, मी नव्हतेच. तुम्ही विचारता ते "वेगळं" म्हणाल तर हेच. घरच्यांना माझा निकाल हवा होता. या बायकांना निकालाशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून मला थांबता आलं.

"दोन वर्षं कळलं कसं नाही?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागायचा. ताईंनी सांगितलं, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९० च्या दशकात यावर मांडणी केली : ज्याच्यावर आपलं सगळं अवलंबून असतं त्याचा दगा दिसला तर पायाखालची जमीन जाते, म्हणून मन तो बघायचंच टाळतं. मी मूर्ख नव्हते, हे मला तेव्हा पटलं.

तिथे नुसतं रडणं नव्हतं. मला पोलिसांत जायचं होतं. एकीने समजावलं की व्यभिचाराचं कलम ४९७ सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच रद्द केलं, आणि ते होतं तेव्हाही बायकोला त्याखाली तक्रार करता येत नव्हती. घटस्फोटाचं कारण मात्र ते आजही आहे. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रक्त तपासलंस का?" हे मला आईने विचारलं नव्हतं, डॉक्टरकडे मी बोलले नव्हते. सिव्हिलला एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही. काकू माझ्याबरोबर आल्या. बाकावर बसून त्यांनी पिशवीतल्या मेथीच्या जुड्या निवडायला घेतल्या, अर्ध्या माझ्या मांडीवर दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं, तेव्हाही आल्या. दोन्ही वेळा रिपोर्ट निगेटिव्ह.

गट सगळ्यांनाच मानवतो असं नाही. एक जण तीन वेळा येऊन थांबली. दुसऱ्यांचं ऐकून तिची झोप आणखी उडाली. ताईंनी तिला एकटीला वेळ दिला, ते बरोबरच होतं. आणि घरात मारहाण असेल तर आधी ११२ ला फोन करायचा, गटाचं नंतर.

मी पुढे काय ठरवलं, ते इथे लिहीत नाही. त्यात माझ्या मुलीचाही वाटा आहे.

विचारणाऱ्यांपैकी काही जणी म्हणतात, "माझी एक मैत्रीण आहे, तिच्यासाठी विचारते." त्या मैत्रिणीला सांगा, रात्री फार जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि गटात यायचं असेल तर पहिल्या दिवशी बोलावंच लागतं असं काही नाही. मी पहिले दोन शनिवार नुसती भिंतीला टेकून बसले होते.