बुडबुडे सापडले! (म्हैस, हिवाळा तिसरा)

उणे २६, रात्रीचे पावणेअकरा. डोक्याला टॉर्च बांधून मी गाडीच्या डिझेलच्या लाइनमध्ये टाकलेल्या एका पारदर्शक नळीकडे टक लावून बसलो होतो आणि तिच्यातून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक सरकताना दिसले. गाडी जपानहून बंदरात उतरली त्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. बायकोने खिडकीची फट उघडून विचारलं, "झाली का चालू?" म्हटलं, "नाही, पण का होत नाही ते कळलं." तिने खिडकी लावून घेतली.

मागच्या दोन नोंदी वाचलेल्यांना माझी फुशारकी आठवत असेल. ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) बसवला, बॅटरी बदलली, ऑइल थंडीत पातळ राहणारं झीरो-डब्ल्यू-फॉर्टी केलं, कूलंट ६०-४० करून घेतलं, आणि वर लिहिलं की म्हैस आता कॅनडातल्या कॅलगरीच्या कुठल्याही थंडीला तयार आहे. (नवीन मंडळींसाठी: म्हैस म्हणजे मित्सुबिशीची १९९७ ची डेलिका स्पेस गिअर व्हॅन, ४एम४० डिझेल इंजिन, ऑटो गिअर, सुपर सिलेक्ट फोर-व्हील ड्राइव्ह. रंग काळा. मनात आलं तर उठते, नाहीतर नाही.) ते लिहिल्याला पंधरा दिवसही झाले नसतील, एका सकाळी तिने बसकण मारली ती मारलीच.

लक्षण असं: रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी दणकट, ग्लो प्लगचा (सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणारी कांडी) दिवा वेळेवर जातो, पण इंजिन धरतच नाही. वीस-पंचवीस सेकंद सेल्फ मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. मग दोन सिलिंडरवर धडधडत उठायचं, गाडीभर हादरे, अर्ध्या मिनिटात सुरळीत. त्यानंतर दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, तक्रार नाही.

आता कॅलगरीची थंडी मुंबईच्या पावसासारखी नाही, की एकदा आला की चार महिने मुक्काम. इथे शिनूक येतो. रॉकीजवरून कोरडा गरम वारा उतरतो, पश्चिमेला ढगांची कमान दिसते आणि उणे २५ चं अधिक ७ व्हायला एक दिवससुद्धा लागत नाही. शिनूक आला की म्हैस पहिल्या सेल्फात चालू. म्हणजे मी शनिवारी वेळ काढून हत्यारं घेऊन बसावं आणि त्याच शनिवारी बर्फाचं पाणी वाहत असावं, गाडी शहाण्यासारखी सुरू व्हावी. सोमवारी पुन्हा उणे वीस, पुन्हा नाटक. थंडीत बिघडते, उबेत सुधारते, म्हणजे दोष उष्णतेचा, म्हणजे ग्लो प्लग. हा हिशोब मी कुणालाही छातीठोकपणे सांगत होतो.

म्हणून ग्लो प्लग. मीटर लावला तर चारही एक ओहमच्या आत, म्हणजे ठणठणीत. तरी काढले. इंजिन गरम असताना, आदल्या रात्री गंजतेल मारून, पाना पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करत, श्वास रोखून. ग्लो प्लग हेडमध्ये तुटला तर पुढचं भजन किती लांबतं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. चारही सुखरूप निघाले आणि चारही बाहेर तारेवर लालबुंद पेटले. तरीही नवे घातले, कारण निघालेच आहेत तर. मग ग्लोचा रिले बदलला. मग अर्थिंगच्या तारा. या सगळ्यात एका साध्या गोष्टीकडे माझं लक्ष गेलं नाही, तिच्याकडे येतोच.

मध्ये संक्रांत आली. मंडळाच्या हळदीकुंकवाचं सामान आमच्याकडे: सतरंज्या, स्टीलची दोन मोठी पातेली, तिळगुळाचे डबे, वाणाची खोकी. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडून गॅरेजकडे चढत जातो आणि ब्लॉक हीटरचा पॉइंट गॅरेजच्या भिंतीला. त्यामुळे म्हैस नेहमी नाक वर करून उभी असते. (गॅरेजमध्ये बायकोची गाडी असते आणि त्या विषयावरची चर्चा संपलेली आहे.) सामान मागून भरायचं म्हणून त्या रात्री गाडी उलटी लावली, हीटरला एक्स्टेंशन जोडली. सकाळी उणे २२. अर्ध्या सेल्फात चालू! मी मनातल्या मनात नव्या रिलेची आरती केली.

दोन दिवसांनी नेहमीसारखी नाक वर करून लावलेली. उणे १९. मेली होती.

थंडी तीन अंशांनी कमी आणि गाडी बंद. हे काही ग्लोच्या हिशोबात बसेना. त्या रविवारी कराडला फोन होता तेव्हा वडिलांना सहज सांगितलं. नदीवरच्या डिझेल इंजिनाशी त्यांनी तीस वर्षं झोंबाझोंबी केली आहे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, "उताराला लावली की चालू हुतीया न्हवं? मग हवा धरतीया ती." मी म्हटलं, डिझेल कुठेच गळत नाही, खाली कोरडं ठक्क आहे. ते म्हणाले, "गळायला कशाला पायजे?"

बरोबरच होतं त्यांचं. आपल्या ४एम४० ला टाकीत पंप नाही. इंजेक्शन पंपाच्या आतलाच फीड पंप टाकीपासून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकी ते पंप ही सगळी लाइन ओढीखाली असते. तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत घसरतं. नाक वर असेल तर टाकी आणखी खाली, म्हणजे आणखी घसरतं. सकाळी सेल्फ मारतो तेव्हा पंप पहिली वीस सेकंद नुसती हवा गिळत असतो.

आणि ती साधी गोष्ट: धूर. ग्लो मेला असेल तर सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, कारण डिझेल आत जातं पण पेटत नाही. माझ्या गाडीत सेल्फ मारताना धूर नव्हताच. एक झुळूकसुद्धा नाही. डिझेल पोचतच नव्हतं. सहा आठवडे मी सेल्फ मारतोय आणि आरशात मागे स्वच्छ निळं आकाश बघतोय! ग्लो प्लगचे पैसे गेले, आता ते मुलीच्या खेळण्यात आहेत.

शिनूकचं कोडंही यातच सुटलं. जुनं रबर थंडीत आकसतं आणि कडक होतं, उबेत पुन्हा बसतं. त्यात कॅनडात २००६ पासून डिझेलमधलं गंधक १५ पीपीएमवर (दहा लाखांत १५ भाग) आणलं. गंधक काढताना अरोमॅटिक (रबर फुगवणारे घटक) हेही कमी होतात आणि जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली रबरं आकसतात. १९९७ ची सील, त्यावर असं डिझेल, त्यावर उणे पंचवीस. बिचारी किती धरून बसणार.

तर नळी. फिल्टर आणि इंजेक्शन पंप यांच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी टाकली. साधी पीव्हीसी, हार्डवेअरच्या दुकानातली. ही फक्त तपासणीपुरती, थंडीत काठीसारखी कडक होते, कायम ठेवू नका. बुडबुडे दिसले. मग फिल्टरचं डोकं वगळून टाकीकडची नळी थेट पंपाला जोडली, बुडबुडे जवळपास बंद. म्हणजे गुन्हेगार फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप. त्याच्या आतला पडदा जातो, हे याच इंजिनाच्या पजेरोवाले वर्षानुवर्षं सांगत आलेत आणि मी ते वाचलंही होतं.

नवीन डोकं मागवलं. पहिलं स्वस्तातलं, एका विक्रेत्याचं, नाव घेत नाही. बसवून हाताने दाबलं तर पंप कडक व्हायलाच तयार नाही. काढून पाण्यात बुडवून फुंकलं, कोऱ्या मालाच्या जोडातून बुडबुडे. आठ दिवस आणि एक शनिवार गेला. मग जपानहून अस्सल मागवलं. तिप्पट पैसे आणि बारा दिवस. खोक्यावरचे जपानी आकडे बघूनच बरं वाटलं. इंधनाच्या लाइनला स्वस्त माल नको, हे माझं ठाम मत झालंय. बाकी आरशाची काच, वायपर वगैरे कुठूनही घ्या.

अस्सल बसवलं, तोंड वर करून लावली, सकाळी पाच सेकंदात उठली. सुधारणा, पण आमचं ठरलंय अर्ध्या सेल्फात. नळी परत टाकली. साबुदाणा नाही, पण खसखस अजून येत होती.

आता हे सांगायला लाज वाटते. खसखस येत होती टाकीकडून येणाऱ्या लोखंडी पाइपला रबरी नळी जोडते तिथून. तिथे स्क्रूवाला क्लॅम्प होता. तो गेल्या उन्हाळ्यात मीच लावला होता. मूळची कंपनीची स्प्रिंगची क्लिप गंजलेली दिसली म्हणून काढून, "हा जास्त मजबूत" असं म्हणून. स्क्रूचा क्लॅम्प उन्हाळ्यात आवळला की आवळला. थंडीत रबर आकसलं तरी तो तिथेच, आणि मध्ये केसाएवढी फट. स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर आकसते आणि दाब सोडत नाही. तिच्यात काही तरी विचार होता तर. सगळीकडे परत स्प्रिंगच्या क्लिपा घातल्या आणि दोन्ही बाजूंच्या नळ्याही नव्या. पाइपच्या टोकाला गंज होता तो बारीक पॉलिश कागदाने साफ केला. तिथे रस्त्यावरच्या मिठाने चांगलंच खाल्लंय. लोकरीच्या चरबीचा गंजरोधक फवारा मी दर शरद ऋतूत मारतो, पण टाकीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तो पोचत नाही. उन्हाळ्यात टाकी उतरवून बघायला हवी.

परवा उणे ३१. नाक वर. सेल्फ मारला, एक फेरा, दुसरा, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, म्हणजे डिझेल पोचलं! धूर बघून मी टाळी वाजवली. शेजारचे गृहस्थ फावडं घेऊन उभे होते. त्यांना वाटलं गाडीला आग लागली.

बारीकसारीक: इथल्या मापाची ग्रुप २७एफ बॅटरी आपल्या जपानी डी३१ मापाच्या ट्रेमध्ये नीट बसते, पण टर्मिनलची बाजू बघून घ्या, तारा लांब नसतात. सीसीए (थंडीत सेल्फ फिरवायची बॅटरीची ताकद) उणे १८ ला मोजतात, म्हणून उणे ३५ साठी आकडा जरा सढळ हाताने घ्या. पॉवर सर्व्हिस कंपनीची डिझेल गोठू न देणारी पांढरी बाटली टाकीत आधीपासून, गोठल्यावरची लाल बाटली डिकीत देवाच्या भरवशावर. इथल्या डीअरफूट हायवेवर बर्फ आणि कोरडा रस्ता आलटून पालटून असतो तिथे म्हैस ४एच मध्ये (चारही चाकांवर) निवांत चालते. सुपर सिलेक्टला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल आहे हे विसरून घाबरणारे अजून भेटतात. ब्लॉक हीटरला टायमर लावा, निघायच्या तीन-चार तास आधी पुरे. १३ जानेवारी २०२४ ला वीज जपून वापरा असा सरकारी इशारा सगळ्यांच्या फोनवर एकदम वाजला होता, तेव्हा मी उणे तीसच्या खाली हीटर काढायचा की नाही यावर बायकोशी अर्धा तास वाद घातला होता. काढला नव्हता, कबूल करतो.

पुढचं. योजना होती डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर कूलंटला जोडायची. तीच लिहायला बसलो होतो, पण लिहिता लिहिता डोक्यात वेगळंच आलं. टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप टाकला तर सगळी लाइन दाबाखाली येईल आणि पुढची गळती डोळ्याला दिसेल, खाली डाग पडेल. पण मग हवा जायची ती डिझेल जाणार, तेही गरम इंजिनाजवळ. नको. एकदिशा झडप? थंडीत डिझेलमध्ये धरणाऱ्या मेणाने तीच अडकायची. नको. त्यापेक्षा फिल्टर आणि पंपाच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून व्हॅक्यूमचा (ओढ दाखवणारा) काटा डॅशबोर्डवर आणायचा. हवा घेत असेल तर काटा थरथरेल आणि फिल्टरमध्ये मेण धरायला लागलं तर ओढ वाढेल, म्हणजे हायवेवर गाडी दम तोडायच्या आधी कळेल. कॅनमोरच्या वाटेवर मागच्या वर्षी हेच झालं होतं आणि मला शेवटपर्यंत वाटत होतं टर्बो गेला.

पार्किंग हीटरचे पैसे तात्पुरते काट्याकडे वळवतोय. कुणी हा काटा बसवलाय का, आणि त्याची नळी रबरी घेतली की नायलॉनची? टी म्हणजे आणखी तीन जोड, आणि प्रत्येक जोड म्हणजे एक नवी फट, हे आत्ताच लिहिताना लक्षात आलं. हम्म.

आज रात्री मुद्दाम नाक वर करून लावली आहे, हीटरशिवाय. उणे २९ सांगितलंय.